एकेरी, दुहेरी, दीड पल्ला: दरवाजा फॅमिलीच्या प्रकल्प नोंदी

४ मार्च

आजपासून दरवाजांचं काम हातात घेतलं. रेव्हिट हे इमारतीचं त्रिमितीय मॉडेल करायचं सॉफ्टवेअर, आणि फॅमिली म्हणजे त्यातला मापं बदलून पुन्हा पुन्हा वापरता येणारा तयार घटक. सध्याच्या मॉडेलमध्ये दरवाजांच्या फॅमिली तीन ठिकाणांहून आल्या आहेत: काही जुन्या प्रकल्पांतून उचललेल्या, काही उत्पादकांनी दिलेल्या, काही सॉफ्टवेअरसोबत मिळालेल्या. प्लॅनमध्ये सगळे दरवाजे नीट दिसतात. घोळ शेड्यूलमध्ये, म्हणजे मॉडेलमधून निघणाऱ्या दरवाजांच्या तक्त्यात आहे. रुंदीच्या रकान्यात सगळीकडे ९०० लिहिलंय, पण एका फॅमिलीत ते ९०० म्हणजे भिंतीतलं ओपनिंग, दुसरीत पल्ल्याची रुंदी आणि तिसरीत चौकटीच्या आतली मोकळी जागा. त्या एका आकड्यावरून भिंत बांधणारा एक माप धरेल, चौकट करणारा दुसरं, आणि व्हीलचेअर जाते का हे बघणारा तिसरं.

म्हणून सगळ्यात आधी मापांचा निर्णय घेतला. रुंदी म्हणजे चौकटीच्या डाव्या बाहेरच्या कडेपासून उजव्या बाहेरच्या कडेपर्यंत. उंची म्हणजे तयार फरशीपासून चौकटीच्या वरच्या बाहेरच्या कडेपर्यंत. भिंत तेवढीच कापायची. बसवणुकीसाठी लागणारी जादा फट रफ विड्थ आणि रफ हाइट या पॅरामीटरमध्ये (फॅमिलीतल्या बदलत्या मापांत) सूत्राने मिळवायची. पल्ला, खाच (पल्ला जिच्यात बसतो ती चौकटीतली पायरी), साफ रुंदी (दार उघडल्यावर खरोखर मिळणारी मोकळी वाट) हे सगळं याच दोन मापांतून निघालं पाहिजे. हाताने भरायच्या जागा जितक्या कमी, तितके पुढे दोन आकडे एकमेकांशी भांडायचे प्रसंग कमी.

६ मार्च

मेट्रिक डोअर टेम्प्लेट उघडलं. भिंत, तिच्यातलं ओपनिंग, डावं-उजवं-मधलं रेफरन्स प्लेन (आकार ज्याला बांधायचे ते अदृश्य आधारपृष्ठ) आणि रुंदी-उंचीचे पॅरामीटर त्यात तयार मिळतात. दोन्ही बाजूंच्या दर्शनी पट्ट्या काढून टाकल्या. आपली चौकट भिंतीच्या आत बसणार आहे, बाहेरून चिकटणार नाही.

आज एकही घनाकृती काढली नाही, फक्त सांगाडा उभा केला: चौकटीच्या दोन्ही उभ्या बाजूंची आतली कड, खाचेची कड, बिजागरीची खूण, माथ्याची आतली कड, पल्ल्याचा तळ. प्रत्येकाला स्वतंत्र रेफरन्स प्लेन आणि प्रत्येक प्लेनला नाव. नाव न दिलेली दहा-बारा प्लेन झाली की पुढे फॅमिली दुसऱ्याच्या हातात गेल्यावर त्यातलं कोणतं काय हे ओळखता येत नाही.

प्लेनच्या गुणधर्मांतलं 'इज रेफरन्स' हे एक खूप दुर्लक्षित राहतं. बाहेरच्या दोन कडांना लेफ्ट आणि राइट, मधल्याला सेंटर ठेवलं. त्यामुळे प्रकल्पात एक दरवाजा काढून दुसरा बसवला तरी त्याला आधी दिलेली मापं टिकतात, कारण दोन्ही फॅमिलीत त्याच नावाचा आधार सापडतो. खाच, बिजागरी वगैरे आतल्या प्लेनना 'नॉट अ रेफरन्स' केलं. नाहीतर प्रकल्पात माप टाकताना कर्सर त्या आतल्या रेषांवर अडकतो आणि माणूस नकळत खाचेपासून माप देऊन बसतो.

सांगाडा रिकामाच फ्लेक्स केला, म्हणजे मापं बदलून तो कसा ताणतो ते पाहिलं. रुंदी ६०० पासून २४०० पर्यंत, उंची १८०० पासून ३००० पर्यंत. सगळी प्लेन आपापल्या जागी सरकतात. मधलं प्लेन समान अंतराच्या मापाने बांधलंय, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या फाकतात.

७ मार्च

चौकट. तिन्ही बाजूंची एकच स्वीप (छेद मार्गावरून फिरवून केलेली घनाकृती) न करता उभ्या दोन आणि माथ्याची एक अशा वेगळ्या एक्स्ट्रूजन (छेद सरळ ओढून केलेल्या घनाकृती) ठेवल्या. स्वीपमध्ये कोपरे सुंदर जुळतात हे खरं, पण खाचेची खोली पॅरामीटरने बदलायची तर प्रोफाइलही पॅरामीटरवर चालणारं हवं, आणि काही बिनसलं तर नेमकं कुठे अडलं हे स्वीपमध्ये लवकर कळत नाही.

चौकटीच्या प्रत्येक कडेला रेफरन्स प्लेनशी अलाइन करून लॉक केलं, एका घनाकृतीला दुसऱ्या घनाकृतीशी कुठेच बांधलं नाही. हा नियम पूर्ण कामभर पाळायचा. 'कन्स्ट्रेंट्स आर नॉट सॅटिस्फाइड' हा संदेश बहुतेक वेळा तिथेच येतो, जिथे एकाच कडेला दोन मालक असतात: एक प्लेनचा लॉक आणि एक शेजारच्या तुकड्याचा.

चौकटीची खोली दोन प्रकारे लागणार आहे. पातळ भिंतीत चौकट पूर्ण भिंतीइतकी, जाड भिंतीत ठरावीक खोलीची. त्यासाठी पुढचं प्लेन भिंतीच्या पृष्ठाला लॉक केलं आणि मागचं प्लेन खोलीच्या पॅरामीटरने हलवलं. पूर्ण खोली हवी असेल तेव्हा त्या टाइपमध्ये (फॅमिलीच्या ठरावीक मापांच्या प्रकारात) भिंतीच्या जाडीचा आकडा भरायचा. दोन्ही बाजू भिंतीला लॉक केल्या असत्या तर खोली आपोआप बदलली असती, पण जाड भिंतीत त्याच चौकटी अवाढव्य झाल्या असत्या.

मागच्या प्लेनवर 'वॉल क्लोजर' चालू केलं. आता भिंतीचा गिलावा ओपनिंगच्या कडेने वळून चौकटीच्या मागच्या कडेपाशी थांबतो. अर्थात भिंतीच्या टाइपमध्ये 'रॅपिंग अॅट इन्सर्ट्स' चालू असेल तरच. हे मॉडेल करणाऱ्यांना वेगळं सांगायला हवं, नाहीतर फॅमिलीत काहीतरी बिघडलंय असं वाटेल.

१० मार्च

आजचा दिवस फक्त आकड्यांचा, आणि माझ्या मते या सगळ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा.

ठरवलेली मूळ मापं अशी: चौकटीची रुंदी ६०, खाच १५, पल्ला आणि चौकट यांतली फट ३, पल्ल्याची जाडी ४०, खाली फरशीपासून ८ (सगळे आकडे मिलिमीटरमध्ये).

पल्ल्याची रुंदी = रुंदी − २ × चौकट + २ × खाच − २ × फट. रुंदी १००० असेल तर १००० − १२० + ३० − ६ = ९०४. पल्ल्याची उंची अशीच निघते: २१०० च्या ओपनिंगला २१०० − ६० + १५ − ३ − ८ = २०४४.

आता साफ रुंदी. बहुतेक फॅमिलीत ती नसतेच, आणि असली तरी 'रुंदी वजा दोन चौकटी' एवढीच असते. १००० च्या दरवाजाला ती ८८० येईल. पण दार ९० अंशात उघडलं की पल्ला हवेत नाहीसा होत नाही. तो बिजागरीवर फिरतो आणि त्याची जाडी वाटेत उभी राहते. बिजागरीचा अक्ष पल्ल्याच्या कोपऱ्याशी धरला तर उघडा पल्ला खाचेच्या कडेपासून ३ वर सुरू होतो आणि ४३ वर संपतो. चौकटीची आतली कड खाचेच्या कडेपासून १५ वर आहे. म्हणजे पल्ल्याची २८ मिलिमीटर जाडी खऱ्याखुऱ्या वाटेत येते.

साफ रुंदी = रुंदी − २ × चौकट − (पल्ल्याची जाडी + फट − खाच). १००० ला ८५२. ९०० ला ७५२.

अमेरिकेच्या एडीए (अपंग व्यक्तींसाठीच्या सुगम्यता) मानकांत साफ रुंदी किमान ८१५ (३२ इंच) लागते आणि ती दार ९० अंशात उघडं असताना, पल्ल्याच्या पृष्ठापासून समोरच्या अडण्यापर्यंतच मोजायची असते. आमच्या चौकटीत ८१५ गाठायला रुंदी ९६३ लागते. शेड्यूलमधल्या ९०० पैकी जे ९०० ओपनिंगचे आहेत, त्यांतला एकही त्या मोजमापात बसत नाही.

किमान मर्यादेचा आकडा सूत्रात गाडला नाही, वेगळा पॅरामीटर केला. प्रत्येक प्रकल्पाची नियमावली वेगळी, तेव्हा आकडा बदलता आला पाहिजे. साफ रुंदी मर्यादेपेक्षा कमी असेल तर 'तपासा', नाहीतर 'ठीक' असं लिहिणारा एक मजकूर-पॅरामीटरही जोडला.

११ मार्च

सूत्रांबद्दल दोन गोष्टी लिहून ठेवतो. रेव्हिटच्या सूत्रात 'मोठं किंवा बरोबर' अशी एकत्र तुलना चालत नाही. 'कमी नाही' असं उलटं मांडावं लागतं, म्हणजे नॉट आणि त्याच्या कंसात 'पेक्षा कमी'. दुसरं, लांबीला लांबीने गुणलं की ते क्षेत्रफळ होतं आणि लांबीच्या पॅरामीटरमध्ये बसत नाही. नुसता आकडा हवा असेल तर लांबीला १ मिलिमीटरने भागून घ्यायचं.

आणखी एक अट इथेच नोंदवतो, कारण ती पुढे सगळ्या रचनेवर परिणाम करते: टाइप पॅरामीटरच्या सूत्रात इन्स्टन्स पॅरामीटर वापरता येत नाही. उलटं चालतं. म्हणून मापं सगळी टाइपमध्ये, आणि उघडण्याचा कोन, खोलीचा उल्लेख, शेरा असं जे एकेका दरवाजापुरतं आहे तेवढंच इन्स्टन्समध्ये.

१३ मार्च

पल्ला फिरवायचा. इथे रेफरन्स प्लेन उपयोगाचं नाही. प्लेनला टोक नसतं, ते दोन्हीकडे अमर्याद पसरलेलं असतं, त्यामुळे कोन बदलला की ते कुठल्या बिंदूभोवती फिरेल याचा भरवसा नाही. रेफरन्स लाइनला सुरुवात आणि शेवट असतो.

बिजागरीच्या खुणेतून, म्हणजे चौकटीच्या बाहेरच्या कडेपासून ४८ वर (६० − १५ + ३), एक रेफरन्स लाइन काढली. तिचं टोक आधी उभ्या प्लेनशी अलाइन करून लॉक केलं, मग आडव्या प्लेनशी. टॅब दाबत दाबत नेमकं टोकच निवडलं जातंय ना हे बघावं लागतं, कारण रेषाच निवडली गेली तर लॉक लागतो पण टोक मोकळंच राहतं. मग आडवं प्लेन आणि ही लाइन यांच्यात कोनाचं माप टाकलं आणि त्याला पॅरामीटर जोडला. लगेच १५, ४५, ९०, १२०, १७० असे कोन देऊन फक्त लाइन फिरवून पाहिली. टोक जागचं हललं नाही. त्यानंतरच पल्ल्याचा विचार.

सरळ रेफरन्स लाइनला स्वतःची चार वर्क प्लेन असतात: दोन तिच्या लांबीला धरून, दोन तिच्या टोकांवर. लांबीतल्या एका प्लेनवर पल्ल्याची नेस्टेड फॅमिली (मुख्य फॅमिलीच्या आत बसणारी वेगळी फॅमिली) बसवली. आता लाइन फिरली की पल्ला तिच्यासोबत फिरतो, त्याला वेगळं बांधावं लागत नाही.

शून्य आणि १८० हे दोन कोन मुद्दाम टाळायचे. तिथे लाइन आणि प्लेन एकमेकांवर येतात आणि कोन कोणत्या बाजूला मोजायचा हे ठरत नाही. बंद दार दाखवायचं असेल तर १ अंश ठेवायचा. त्रिमितीय चित्रात तो फरक डोळ्याला दिसत नाही.

१४ मार्च

प्लॅनमधलं चिन्ह. त्रिमितीय पल्ला प्लॅनमध्ये दिसू नये म्हणून त्याच्या व्हिजिबिलिटीतून प्लॅन बंद केला. त्याऐवजी सिम्बॉलिक लाइनने (फक्त ड्रॉइंगमध्ये दिसणाऱ्या रेषांनी) पल्ल्याचा आयत आणि चाप काढला, प्लॅन स्विंग या उपवर्गात. चापाची त्रिज्या पल्ल्याच्या रुंदीला जोडली. चापाचा मध्यबिंदू दिसत नसतो, तो गुणधर्मांतून चालू केला आणि बिजागरीच्या दोन्ही प्लेनना लॉक केला. हे केलं नाही तर रुंदी बदलताना चाप हळूच निसटतो, आणि एक-दोन मिलिमीटरचा निसटलेला चाप ड्रॉइंग छापून भिंतीवर लागेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

प्लॅनमध्ये दार कायम ९० अंशांतच उघडं दिसेल, मॉडेलमध्ये ते कितीही उघडलेलं असो. प्लॅन वाचणाऱ्याला बाजू आणि फिरण्याची जागा कळायला हवी. बाकी कोन सजावटीचा.

तपशिलाच्या कोर्स, म्हणजे सर्वांत ढोबळ पातळीवर एकच रेघ आणि चाप, मीडियमपासून पल्ल्याची जाडी, मूठ आणि बिजागऱ्या फक्त फाइनमध्ये. शंभरेक दरवाजांच्या मजल्यावर याचा फरक जाणवतो.

१८ मार्च

दोन पल्ल्यांची फॅमिली. पहिल्या फॅमिलीची प्रत घेऊन सांगाड्यात मधल्या भेटीची दोन प्लेन वाढवली.

उपलब्ध रुंदी = रुंदी − २ × चौकट + २ × खाच − ३ × फट. तिसरी फट दोन पल्ल्यांच्या मधली. १५०० ला १४०१ येते. समान पल्ले असतील तर प्रत्येकी ७००.५. दीड पल्ला (एक मोठा, एक लहान) असेल तर मुख्य पल्ला ठरावीक, समजा ९५०, आणि उरलेला ४५१.

दुहेरी दारात साफ रुंदी दोन येतात आणि शेड्यूलमध्ये दोन्ही हव्यात. दोन्ही पल्ले उघडे: १५०० − १२० − २ × २८ = १३२४. फक्त मुख्य पल्ला उघडा: त्याची रुंदी + फट − जाडी. दीड पल्ल्यात ९५० + ३ − ४० = ९१३. समान पल्ल्यांत ७००.५ + ३ − ४० = ६६३.५.

हा शेवटचा आकडा आज सगळ्यांना दाखवला. दीड मीटरचं भारदस्त दार, पण रोज एकच पल्ला उघडत असेल तर त्यातून वाट फक्त ६६३.५ ची. एडीएत दोन पल्ल्यांच्या दारातला किमान एक वापरता पल्ला एकट्याने ही अट पूर्ण करावी लागतो. तेव्हा १५०० च्या ओपनिंगला समान पल्ल्यांपेक्षा दीड पल्ला केव्हाही शहाणपणाचा, आणि दिसायला समान पल्लेच हवे असतील तर रुंदी वाढवायला हवी. एका पल्ल्यातून ८१५ मिळायला प्रत्येक पल्ला ८५२ लागतो, म्हणजे रुंदी १८०३. डिझाइन करणाऱ्याला हे पहिल्याच रेखाटनाच्या वेळी कळायला हवं. फॅमिलीत सूत्र असेल तर ते आपोआप कळतं.

२० मार्च

बैठकीत सूचना आली की एकेरी, दुहेरी, सरकता, काचेचा, बाजूच्या खिडकीसह, सगळं एकाच फॅमिलीत घालावं आणि हो-नाहीचे पॅरामीटर ठेवावेत. "एकच फाइल सांभाळायची, तुमचंही काम कमी होईल," असं कारण दिलं गेलं. मी ठाम नकार दिला आणि त्याची कारणं इथे लिहून ठेवतो.

हो-नाहीने दिसणं बंद होतं, असणं बंद होत नाही. लपवलेला दुसरा पल्ला फॅमिलीत राहतोच, त्याचे लॉक राहतात, रुंदी ७०० केली की त्या न दिसणाऱ्या पल्ल्याची रुंदी शून्याखाली जाते आणि समोरचा एकेरी दरवाजा त्याच्यापायी मोडतो. शिवाय पॅरामीटरची यादी इतकी लांबते की वापरणारा माणूस त्यातले निम्मे कशाचे आहेत हे न समजताच मागचा टाइप डुप्लिकेट करत राहतो. साफ रुंदीचं सूत्रही एकेरी, दुहेरी आणि सरकता या तिन्ही प्रकारांत वेगळं आहे. तीन सूत्रं एका इफमध्ये गुंफली तर ती कुणी तपासणार नाही.

ठरलं ते असं: बिजागरीचा एकेरी, बिजागरीचा दुहेरी (समान आणि दीड), सरकता. तीन फॅमिली, एकच शेअर्ड पॅरामीटर फाइल (सगळ्या फॅमिलींना सामायिक पॅरामीटरची यादी). काच, जाळी, भरीव पॅनेल हा फरक पल्ल्याच्या नेस्टेड फॅमिलीत.

२१ मार्च

पल्ल्याच्या चार नेस्टेड फॅमिली झाल्या: सपाट, काचेची उभी पट्टी असलेला, अर्धा काचेचा, खाली हवेची जाळी असलेला. चारींचा आरंभबिंदू बिजागरीच्या तळाशी, चारींत रुंदी, उंची, जाडी हे पॅरामीटर शेअर्ड फाइलमधूनच घेतलेले. मुख्य फॅमिलीत 'फॅमिली टाइप' प्रकारचा पॅरामीटर ठेवला, त्यातून पल्ला निवडायचा.

मूठ मात्र शेअर्ड नेस्टेड केली, कारण हार्डवेअरच्या यादीत मुठी वेगळ्या मोजायच्या आहेत. पल्ला शेअर्ड केला नाही. तो दरवाजाचाच भाग म्हणून मोजला जावा.

बिजागऱ्यांची संख्या सूत्राने. प्रचलित ठोकताळा असा की पल्ल्याच्या दर ३० इंच (७६२) उंचीला किंवा तिच्या अंशाला एक. २०४४ ला भागाकार २.६८ येतो, वर पूर्ण केला की ३. ओपनिंग २४०० चं केलं की पल्ला २३४४ आणि बिजागऱ्या ४. जड किंवा अग्निरोधक दारांना उत्पादक सांगेल ती संख्या, म्हणून वरून बदलायची सोय ठेवली.

२५ मार्च

शेअर्ड पॅरामीटर. फॅमिलीतला साधा पॅरामीटर शेड्यूलमध्ये किंवा टॅगमध्ये येत नाही, त्यासाठी तो शेअर्डच लागतो. प्रत्येक शेअर्ड पॅरामीटरला आतून एक कायमची ओळख (जीयूआयडी) असते, आणि रेव्हिट नाव न बघता ती ओळख बघतं. दोन जणांनी आपापल्या फाइलमध्ये 'साफ रुंदी' नावाचा पॅरामीटर केला तर शेड्यूलमध्ये एकाच नावाचे दोन रकाने होतात, दोन्ही अर्धे रिकामे. म्हणून फाइल एकच, सामायिक जागी, आणि तिच्यात भर घालायची परवानगी एकाच माणसाकडे.

शेड्यूलमध्ये 'तपासा' आलेल्या ओळींना रंग दिला. जुन्या दरवाजांच्या जागी नवे बसवल्यावर रंगलेल्या ओळी बऱ्याच निघाल्या. त्या बघून स्वच्छतागृहांच्या आणि तपासणी खोल्यांच्या दारांची रुंदी लगेच वाढवायचं ठरलं. भिंती अजून कागदावर आहेत, तेव्हा हे आत्ताच करणं सोपं.

२७ मार्च

डावं की उजवं. फ्लिपचे बाण दोन्ही दिशांना ठेवले आहेत, त्यामुळे प्लॅनमध्ये दार हवं तसं वळवता येतं. पण वळवल्यावर ते डाव्या हाताचं राहिलं की उजव्या हाताचं झालं, हे शेड्यूलमध्ये आपोआप लिहून येत नाही. सुताराला आणि कुलूप पुरवणाऱ्याला तर तेच हवं असतं.

विचार केला तर नियम सोपा आहे. फॅमिलीतलं मूळ दार डाव्या हाताचं. एकदा पलटवलं, मग भिंतीच्या लांबीत असो की आरपार, ते उजव्या हाताचं होतं. दोन्हीकडे पलटवलं की परत डावं, कारण दोन आरसे मिळून नुसतं फिरवणं होतं. प्रत्येक दरवाजासाठी रेव्हिट हँड फ्लिप्ड आणि फेसिंग फ्लिप्ड अशा दोन खुणा आतून सांभाळतं. डायनॅमोमध्ये (रेव्हिटची कामं आपोआप करवून घ्यायच्या साधनात) छोटी स्क्रिप्ट केली: दोन्ही खुणा सारख्या असतील तर 'डावा', वेगळ्या असतील तर 'उजवा', आणि ते उत्तर शेअर्ड इन्स्टन्स पॅरामीटरमध्ये लिहायचं. ड्रॉइंग बाहेर पाठवण्याआधी ती प्रत्येक वेळी चालवायची, कारण मध्ये कुणी दार पलटवलं तर हा मजकूर स्वतःहून बदलत नाही. पाठवण्याच्या तपासयादीत ती पायरी घातली.

१ एप्रिल

टाइप कॅटलॉग. फॅमिलीच्याच नावाची, त्याच फोल्डरमध्ये ठेवलेली मजकूर फाइल. पहिल्या ओळीचा पहिला रकाना रिकामा, पुढे प्रत्येक पॅरामीटरचं नाव, प्रकार आणि एकक, मध्ये दुहेरी हॅश चिन्हं. नंतर एकेका टाइपची एकेक ओळ. फॅमिली लोड करताना यादी समोर येते आणि लागतील तेवढेच टाइप घेता येतात.

कॅटलॉगमध्ये फक्त मूळ मापं आहेत. पल्ल्याची रुंदी, साफ रुंदी असे सूत्रातून येणारे पॅरामीटर त्यात घालायचे नाहीत.

३ एप्रिल

प्रत्यक्ष मॉडेलमध्ये चाचणी. १०० ची पार्टिशन, २३० ची भिंत, बाहेरची थरांची जाड भिंत, सगळीकडे चौकट नीट बसली आणि गिलावा योग्य जागी वळला. वक्र भिंतीतही दरवाजा बसतो, पण चौकट सरळच राहते आणि कडांना भिंत थोडी पुढे-मागे दिसते. तिथे तपशील हाताने काढावा लागेल. त्यासाठी फॅमिली वाकवण्यात अर्थ नाही.

रूम कॅल्क्युलेशन पॉइंट चालू करून त्याचे दोन्ही टोकाचे बिंदू भिंतीपासून पुरेसे बाहेर ओढले. जाड भिंतीत ते भिंतीच्या आतच राहत होते आणि दार कोणत्या खोलीतून कोणत्या खोलीत जातं हा रकाना रिकामा येत होता. आता भरतो.

आयएफसी (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेलची देवाणघेवाण करायचं खुलं स्वरूप) निर्यात दुसऱ्या व्ह्यूअरमध्ये उघडली. एकूण रुंदी आणि उंची बरोबर आली. उघडण्याची बाजू आयएफसीत बिजागरी कोणत्या हाताला यावरून ठरते, दरवाजाच्या स्वतःच्या वाय अक्षाच्या दिशेने बघताना. त्यामुळे पलटवलेली काही दारं निवडून बाजू एकेक करून पडताळली.

एक भर घातली: ओढायच्या बाजूला, कुलपाकडच्या कडेपासून पुढे मोकळी ठेवायची जागा सिम्बॉलिक रेषांनी दाखवणारा चौकोन, हो-नाहीच्या पॅरामीटरवर. समोरून येणाऱ्या व्हीलचेअरसाठी एडीएत ती जागा कुलपाच्या बाजूला ४५५ आणि दारापासून मागे १५२५ लागते. दोन्ही आकडे पॅरामीटरमध्ये आहेत. तपासणीच्या व्ह्यूमध्ये चौकोन चालू केला की कुठलं कपाट किंवा बेसिन आड येतंय हे बघता क्षणी दिसतं. कोपऱ्याला अगदी खेटून ठेवलेली दारं यात लगेच उघडी पडली. त्यांतली बरीच नुसती पलटवून मोकळी झाली, उरलेली भिंतीच्या कोपऱ्यापासून सरकवावी लागतील.

७ एप्रिल

एकेरी आणि दुहेरी फॅमिली लायब्ररीत टाकल्या, जुन्या तिथून काढल्या. चालू मॉडेलमधले उरलेले जुने दरवाजे मजल्यामजल्याने बदलायचं काम डॉक्युमेंटेशनच्या सहकाऱ्यांनी घेतलंय.

सरकत्या दाराचा सांगाडा सुरू केला. इथे पल्ल्याची जाडी वाटेत येत नाही, पण मूठ येते. दार पूर्ण उघडं असतानाही मूठ दोन्ही बाजूंनी हाताला लागली पाहिजे, ही एडीएची अट आहे, म्हणजे पल्ला भिंतीतल्या खिशात पूर्ण नाहीसा होऊ द्यायचा नाही. 'उरलेला पल्ला' असा पॅरामीटर केला, सध्या १००. रुंदी ११०० ला साफ रुंदी ११०० − १२० − १०० = ८८० येते. भिंतीतला खिसा दुसऱ्या बाजूला पल्ल्याच्या लांबीइतका हवा, आणि तेवढ्या लांबीत भिंतीच्या आतून विजेची नळी किंवा पाइप जाणार नाही हे सेवांच्या मॉडेलशी ताडून बघायचंय. खिशाची जागा अडवून धरणारी एक अदृश्य घनाकृती फॅमिलीतच ठेवली की टक्कर तपासणीत ती आपोआप पकडली जाईल का, हे उद्या करून बघतो.